ब्रायन लेरर शो: न्यूयॉर्क समजून घ्यायचंय ना, मग सकाळी दहाला रेडिओ लावा

न्यूयॉर्क नाहीतर न्यू जर्सीत नवीन राहायला आलेलं कुणी भेटलं आणि विचारलं की इथे नक्की काय चाललंय ते कळायला काय वाचू, काय बघू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. वाचायचं नंतर बघू, आधी सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाला डब्ल्यूएनवायसी लाव, ९३.९ एफएम किंवा एएम ८२०, गाडीत नसशील तर फोनवर ॲप आहेच. ब्रायन लेरर शो. दहा ते बारा, दोन तास, रोज. आणि हे मी नुसतं नवीन लोकांना सांगत नाही, इथे बरीच वर्षं काढलेले आपले कितीतरी लोक आहेत ज्यांना व्हाइट हाऊसमध्ये काल काय झालं ते तोंडपाठ असतं पण आपल्या एरियाचा सिटी कौन्सिलचा मेंबर कोण ते माहीत नसतं, त्यांनाही हेच सांगते.

शो काही आजचा नाही, १९८९ पासून चालू आहे. सुरुवातीला नाव 'ऑन द लाइन' होतं, पुढे होस्टच्याच नावाने ओळखला जायला लागला. होस्ट पहिल्यापासून तोच, ब्रायन लेरर. इतकी वर्षं एकच माणूस रोज दोन तास लाइव्ह, आणि त्यातला बराचसा वेळ तो दुसऱ्याचं ऐकत असतो, हेच मला सगळ्यात मोठं वाटतं. २००७ चा पीबडी पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतला रेडिओ-टीव्हीचा मानाचा पुरस्कार, ह्या शोला मिळाला तो लोकांना तोडण्याऐवजी जोडणारा रेडिओ म्हणून, आणि ज्यांनी अमेरिकेतला बाकीचा टॉक रेडिओ थोडाफार ऐकलाय त्यांना कळेल की हे किती अवघड काम आहे, कारण तिकडे होस्ट स्वतःच चिडलेला असतो, कॉलर त्याच्याहून चिडलेला, आणि तासाभराने रेडिओ बंद केला की डोकं भणभणण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

इथे काय वेगळं आहे ते सांगते. फोन करायला सगळेच शो सांगतात, 'तुमचं मत कळवा' वगैरे. हा माणूस मत मागत नाही हो, माहिती मागतो. म्हणजे विषय सबवेचा निघाला तर तो विचारणार की ट्रेन चालवणारं कुणी ऐकतंय का, रात्रपाळी करून पहाटे घरी जाणारं कुणी आहे का, लिफ्ट बंद असलेल्या स्टेशनवर व्हीलचेअर घेऊन अडकलेलं कुणी आहे का. शाळांचा विषय असेल तर शिक्षकांना वेगळं बोलावणार, पालकांना वेगळं, आणि मग शाळेच्या ऑफिसात, कॅफेटेरियात काम करणाऱ्यांना मुद्दाम. आणि असे लोक खरंच फोन करतात! तज्ज्ञ गेस्ट लाइनवर असतो, त्याने आकडे सांगितलेले असतात, आणि मग बसचा ड्रायव्हर येऊन सांगतो की साहेब कागदावर हे बरोबर आहे पण माझ्या रूटवर तिसऱ्या स्टॉपला काय होतं ते ऐका. तिथे गेस्टलाही थांबून विचार करावा लागतो. मला तर वाटतं रेडिओवर ऐकण्यासारखं जे काही आहे ते ह्याच दोन मिनिटांत असतं.

फोन घ्यायची पद्धतही बघा. नाव आणि एरिया, बस. 'अमुक इन बे रिज, यू आर ऑन डब्ल्यूएनवायसी'. मग पुढचा फोन जॅक्सन हाइट्सचा, मग फ्लॅटबुश, मग स्टेटन आयलंड, मग एकदम मॉन्टक्लेअर, न्यू जर्सी. हे इतकं साधं आहे पण रोज ऐकता ऐकता शहराचा नकाशा आपोआप डोक्यात बसतो. कुठल्या भागातल्या लोकांना कशाची चिंता आहे, कुठे बेसमेंटमध्ये पाणी भरतं, कुठे पार्किंगवरून भांडणं आहेत, कुठे भाड्यावरून. आपण तिथे कधी पाय ठेवलेला नसतो, पण तिथला माणूस काय म्हणतो ते कळतं. कॉलर अडखळला तर होस्ट त्याचं वाक्य पूर्ण करायची घाई करत नाही, आणि भरकटला तर अपमान न करता मुद्द्यावर आणतो, 'म्हणजे तुमचा प्रश्न असा आहे का' म्हणत. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट शब्दांत मांडून दाखवतो आणि मग विचारतो, बरोबर ना? आपल्या घरातल्या भांडणात सुद्धा हे कुणी करत नाही.

ऐकणाऱ्यांकडे माहिती असते ह्यावर ह्या लोकांचा विश्वास किती आहे त्याचं एक जुनं उदाहरण आहे. २००७ मध्ये त्यांनी श्रोत्यांना सांगितलं की तुमच्या गल्लीत उभ्या गाड्या मोजा आणि त्यात एसयूव्ही किती ते कळवा. नंतर त्याच वर्षी सांगितलं की जवळच्या दुकानात जाऊन दूध, लेट्यूस आणि बिअर ह्या तीन गोष्टींचे भाव बघून या. लोक गेले, भाव बघितले, कळवले. एकच वस्तू एका भागात काय भावाने मिळते आणि दुसऱ्या भागात काय, हे लोकांनीच लोकांना दाखवून दिलं. आज क्राउडसोर्सिंग वगैरे मोठे शब्द सगळे वापरतात, पण तेव्हा ट्विटर नुकतंच कुठे सुरू झालं होतं आणि पहिला आयफोन त्याच वर्षी आला होता, त्या काळात एका रेडिओ शोने हे करून दाखवलं.

आता कंजेशन प्राइसिंगचंच घ्या, कारण माझ्यासारख्या कितीतरी लोकांना तो विषय ह्या शोमुळे कळला. मॅनहॅटनमध्ये ६० व्या स्ट्रीटच्या खाली गाडी घेऊन गेलात तर टोल. आधी १५ डॉलर ठरला होता, ३० जून २०२४ ला सुरू होणार होता, आणि जूनच्या सुरुवातीलाच गव्हर्नर कॅथी होकल यांनी थांबवला. मग नोव्हेंबरमध्ये ९ डॉलर करून परत आणला, ५ जानेवारी २०२५ ला सुरू झाला, आणि पुढच्याच महिन्यात ट्रम्प सरकारने मंजुरी काढून घेतली, सबवे आणि बस चालवणारी एमटीए कोर्टात गेली, टोल चालूच राहिला. आता हे सगळं पेपरात येतच होतं, पण पेपरात कसं येतं, कोण जिंकलं कोण हरलं असं. शोमध्ये आधी डब्ल्यूएनवायसी आणि त्यांचीच बातम्यांची साइट गॉथमिस्ट ह्यांच्या न्यूजरूममधला वाहतुकीचा रिपोर्टर येऊन सांगणार की पैसा कुठे जाणार आहे, एमटीएला त्यातून १५ अब्ज डॉलरची कामं करायची आहेत, सिग्नल बदलायचे आहेत, स्टेशनांना लिफ्ट लावायच्या आहेत. आणि मग फोन सुरू. न्यू जर्सीतून येणारा म्हणतो मी आधीच टनेलचा टोल भरतोय. प्लंबर म्हणतो अवजारं घेऊन मी ट्रेनने कसा जाऊ. कुणी केमोथेरपीला आईला घेऊन जातं, त्यांचा प्रश्न वेगळा. आणि मग बसने जाणारी बाई म्हणते की माझी बस रोज ज्या ट्रॅफिकमध्ये अडकते त्यातल्या प्रत्येक गाडीत एकच माणूस बसलेला असतो, माझ्या वेळेची किंमत कोण देणार. हे सगळे खरे आहेत आणि सगळे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. असा विषय ऐकून झाला की माझं मत बदलतंच असं नाही, पण ज्याचं मत वेगळं आहे तो मूर्ख आहे असं म्हणायची सोय राहत नाही.

भाड्याचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये साधारण दहा लाख घरं रेंट स्टॅबिलाइज्ड आहेत, म्हणजे मालकाला मनाला येईल तेवढं भाडं वाढवता येत नाही, आणि किती वाढवायचं ते रेंट गाइडलाइन्स बोर्ड दरवर्षी जूनच्या सुमारास ठरवतं. नऊ मेंबर, दोन भाडेकरूंचे, दोन मालकांचे, पाच जनतेचे म्हणून, सगळे मेयरने नेमलेले. हे मला कुठल्याही ब्रोकरने सांगितलं नव्हतं. आपल्या लोकांपैकी कितीतरी जण अशा घरात राहतात आणि त्यांना ते माहीतही नसतं! शोमध्ये हा विषय निघाला की भाडेकरू फोन करतातच, पण छोटे मालकही करतात, एक बिल्डिंग आहे, बॉयलर बदलायचाय, टॅक्स वाढलाय, पैसे आणू कुठून, आणि त्यांनाही तेवढाच वेळ मिळतो.

शोचा सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे 'आस्क द मेयर'. बिल डी ब्लाझिओ मेयर होते तेव्हा दर शुक्रवारी सकाळी दहाला ते स्वतः शोवर यायचे आणि लोकांचे फोन घ्यायचे. ८० लाखांहून जास्त वस्तीच्या शहराचा मेयर, आणि समोर फोनवर कोण, तर ज्याच्या सरकारी बिल्डिंगमध्ये हीटिंग चालत नाही असा माणूस. आधी होस्टचे प्रश्न, तो तर सोडायचाच नाही, मागच्या आठवड्यात तुम्ही असं म्हणाला होतात आणि आज असं म्हणताय हे तो शांतपणे, आवाज न चढवता काढायचा. मग फोन. मेयर बऱ्याचदा म्हणायचे की नंबर शोच्या लोकांकडे देऊन ठेवा, माझी टीम तुमच्याशी बोलेल. नुसतं ऐकायला ते साधं वाटतं, पण सगळ्या शहरासमोर दिलेला शब्द आहे तो, पुढच्या शुक्रवारी परत यायचंय हे दोघांनाही माहीत आहे. राजकारण्याला उत्तर द्यायला लावायची ह्यापेक्षा चांगली पद्धत मी तरी पाहिली नाही. प्रेस कॉन्फरन्समध्ये पत्रकाराचा प्रश्न टाळता येतो, पण गार पडलेल्या घरातून फोन करणाऱ्या आजीचा प्रश्न टाळला की तो टाळलेला सगळ्यांना ऐकू जातो. डी ब्लाझिओ २०२१ संपताना गेले आणि दर आठवड्याचा तो रिवाजही त्यांच्याबरोबर संपला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. जो कुणी मेयर असेल त्याने हे करायलाच हवं, कायदाच असावा असं मला मनापासून वाटतं.

मेयर आणि हे स्टेशन ह्यांचं नातं तसं फार जुनं आहे. डब्ल्यूएनवायसी १९२४ मध्ये सुरू झालं ते चक्क शहराच्या मालकीचं स्टेशन म्हणून, म्युनिसिपल बिल्डिंगमधून. फिओरेलो लाग्वार्डिया मेयर असताना दर रविवारी लोकांशी ह्याच स्टेशनवरून बोलायचे, आणि १९४५ च्या जुलैमध्ये पेपर वाटणाऱ्यांचा संप झाला तेव्हा मुलांचं कॉमिक्स चुकू नये म्हणून त्यांनी ते रेडिओवर वाचून दाखवलं होतं, हा किस्सा न्यूयॉर्कचे लोक अजून सांगतात. पुढे मेयर जुलियानींच्या काळात शहराने स्टेशन विकायचं ठरवलं, आणि एफएम आणि एएम दोन्ही डब्ल्यूएनवायसी फाउंडेशनने २ कोटी डॉलरला, सहा वर्षांत हप्त्याने फेडायच्या बोलीवर घेतले. १९९७ च्या जानेवारीत ते शहरापासून वेगळं झालं. माझ्या मते हे झालं म्हणून बरं, कारण मेयरच्या पगारावर असलेला होस्ट मेयरला तसे प्रश्न विचारू शकला असता का? आणि ११ सप्टेंबर २००१ ला तर ह्यांचा एफएमचा ट्रान्समीटर वर्ल्ड ट्रेड सेंटरवरच होता, तो गेला, ऑफिस तिथून चालत जाण्याइतकं जवळ होतं, तरी एएमवरून स्टेशन चालू राहिलं. शहराच्या वाईट दिवसात जे सोबत राहतं त्याच्याबद्दल लोकांना जिव्हाळा वाटतो तो उगाच नाही.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. इथे आपल्यापैकी कितीतरी जण एच-१बी वर नाहीतर ग्रीन कार्डवर आहेत. टॅक्स भरतो, मुलं इथल्या शाळेत जातात, पण मत देता येत नाही. न्यूयॉर्कच्या कौन्सिलने २०२१ मध्ये ग्रीन कार्डवाल्यांना आणि कामाची परवानगी असलेल्यांना शहराच्या निवडणुकीत मत देता यावं असा कायदा पास केला होता, आठ लाखांवर लोकांना त्याचा फायदा झाला असता, पण तो कोर्टात अडकला आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने रद्दच केला. त्यामुळे आपले लोक म्हणतात की जाऊ दे ना, आपल्याला काय करायचंय इथल्या राजकारणाशी. अहो करायचंय! मत नसलं तरी कम्युनिटी बोर्डाच्या मीटिंगला जाता येतं, शहरात अशी ५९ बोर्डं आहेत, तुमच्या गल्लीत बस लेन यावी का, कोपऱ्यावरच्या हॉटेलला दारूचं लायसन्स मिळावं का, ह्यावर आधी तिथे बोललं जातं, आणि कुणीही जाऊन बोलू शकतं. रेडिओवर फोन करायला तर काहीच लागत नाही. २१२-४३३-९६९२ हा शोचा नंबर, फोन करा नाहीतर टेक्स्ट करा. ॲक्सेंटची भीती वाटत असेल तर एक आठवडा नुसतं ऐका, रशियन, डॉमिनिकन, हैतीयन, बंगाली, सगळ्या ॲक्सेंटचे लोक बोलतात, आणि पाच बरोंमधलं, म्हणजे शहराच्या पाच विभागांमधलं, ते बोलणं एका चाळीच्या गॅलरीत उभं राहून ऐकल्यासारखं वाटतं, सगळे आपलेच, सगळ्यांची कटकट वेगळी.

आपल्याकडे हे का होत नाही असा विचार मनात येतोच. भारतात खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, लावायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावा, असा नियम. त्यामुळे आरजे लोकांना खड्ड्यांवर, पाण्यावर बोलायचं तरी गाण्यांच्या मधून जरा जरा बोलतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरात आयुक्तांना रोज नको पण आठवड्यातून एकदा रेडिओवर बसवून लोकांचे फोन घ्यायला लावले तर काय होईल, ह्याचा विचार करूनच मला बरं वाटतं.

निवडणुकीच्या दिवसांत तर हा शो चुकवूच नका. '३० इश्यूज इन ३० डेज' म्हणून ते मालिका करतात, रोज एक मुद्दा, उमेदवारांची भांडणं बाजूला ठेवून. शहराच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, आता रँक्ड चॉइस मतदान असतं, २०१९ मध्ये लोकांनी ते मंजूर केलं आणि २०२१ च्या प्रायमरीला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरलं, पाच उमेदवारांपर्यंत पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावायचा. ते मतं कशी सरकतात, तुमचा पहिला बाद झाला की तुमचं मत दुसऱ्याला जातं, वाया जात नाही, हे कागदावर वाचून डोक्यात शिरत नाही, पण कुणीतरी फोन करून आपल्याच मनातली शंका विचारतं आणि शांतपणे उत्तर मिळतं तेव्हा शिरतं.

आता संस्कृतीचं. बारा वाजता लेरर संपतो आणि लगेच 'ऑल ऑफ इट' सुरू होतं, ॲलिसन स्टुअर्टचं, २०१८ पासून. रेडिओ बंद करू नका. नाटक, म्युझियम, पुस्तकं, संगीत, खाणं, सगळं त्यात येतं, आणि ब्रॉडवेच्या मोठ्या नावांइतकाच वेळ एखाद्या छोट्या गॅलरीतल्या प्रदर्शनालाही मिळतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीबरोबर ह्यांचा बुक क्लब आहे, 'गेट लिट' नावाचा, महिन्याला एक पुस्तक, लायब्ररीचं कार्ड असलं की ई-बुक फुकट, आणि शेवटी लेखकाबरोबर कार्यक्रम, तोही ऐकायला मिळतो. ज्यांना वाटतं न्यूयॉर्कमध्ये संस्कृती म्हणजे शंभर डॉलरचं तिकीट, त्यांनी हे जरूर ऐकावं. शिवाय श्रोत्यांकडूनच गाणी मागवायचा एक उपक्रम ते करतात, कॉपीराइट संपलेल्या जुन्या कलाकृतींवरून नवीन गाणं करून पाठवायचं. इथेही तेच सूत्र, ऐकणाऱ्याला नुसतं ऐकणारा ठेवायचं नाही.

कमी काय आहे? आहे ना. वेळ सकाळी दहाची, म्हणजे ज्याला कामावर फोन हातात घेता येत नाही तो ऐकूही शकत नाही आणि बोलूही शकत नाही, आणि शहर ज्यांच्या जिवावर चालतं ते बरेचसे लोक त्यातच येतात. होस्ट कितीही प्रयत्न करून त्यांना बोलावतो तरी घरून किंवा स्वतःच्या ऑफिसातून काम करणाऱ्यांचे आवाज जास्त पडतात असं मला वाटतं. दुसरं म्हणजे सगळं इंग्रजीत. न्यूयॉर्कमध्ये इतक्या भाषा बोलल्या जातात, तर महिन्यातून एखाद्या दिवशी दुभाषी घेऊन स्पॅनिशमध्ये, चिनी भाषेत फोन घ्यावेत असं फार वाटतं. तिसरं, वॉशिंग्टनमध्ये काही मोठं घडलं की पहिला तास तिकडेच जातो. समजू शकते, पण वॉशिंग्टनवर बोलणारे हजार आहेत, सिटी बजेटवर, कचऱ्याच्या डब्यांवर, शाळांच्या ॲडमिशनवर असं तासभर बोलणारे किती? मला तर पहिला तासही शहराचाच हवा असतो. आणि कधीकधी एक सेगमेंट वीस-पंचवीस मिनिटांत आटपायचा म्हणून चांगला रंगलेला फोन तोडावा लागतो, तेव्हा हळहळ वाटते.

फंड ड्राइव्हबद्दल लोक कुरकुर करतात, मधेमधे पैसे मागतात म्हणून. मी नाही करत. हे नॉनप्रॉफिट स्टेशन आहे, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं, आणि २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी ठेवलेले पुढच्या दोन वर्षांचे १.१ अब्ज डॉलर परत काढून घेतले, त्यामुळे आता देशातल्या सगळ्याच अशा स्टेशनांना ऐकणाऱ्यांच्या खिशावरच जास्त भिस्त ठेवावी लागणार. आपण महिन्याला तीन-चार स्ट्रीमिंगचे पैसे भरतो आणि त्यातलं अर्धं बघतही नाही. ह्यांना महिन्याला पाच-दहा डॉलर द्या. मी देते, आणि नवऱ्याच्या कंपनीत देणगीला मॅचिंग आहे, म्हणजे आपल्या देणगीत कंपनीही भर घालते, ते कळल्यापासून त्याच्याकडूनही देववते. तुमच्या कंपनीत आहे का ते एचआरला विचारा, बऱ्याच ठिकाणी असतं आणि कुणी विचारतच नाही.

ज्यांना दहा ते बारा जमत नाही त्यांनी पॉडकास्ट घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, 'डेली पॉलिटिक्स' नावाचं वेगळं पॉडकास्ट आहे त्यात दिवसातला एकच निवडलेला सेगमेंट असतो, आणि तो बऱ्याचदा राष्ट्रीय राजकारणाचा. पूर्ण शो हवा असेल तर ब्रायन लेरर शो असंच शोधा, त्यात सगळे सेगमेंट सुटे सुटे मिळतात, नको तो सोडून देता येतो. वेबसाइटवर बऱ्याच सेगमेंटचं लिहिलेलं ट्रान्सक्रिप्टही असतं, त्याचा उपयोग मला आई-बाबा इथे आले तेव्हा कळला. बाबांना भराभर बोललेलं इंग्रजी पकडता येत नव्हतं, पण समोर मजकूर धरून ऐकायला लागल्यावर रोज सकाळी चहा झाला की स्वतःच लावायचे, आणि संध्याकाळी मला विचारायचे, काय गं, तुमच्याकडे कचरा आता पिशव्यांऐवजी डब्यात टाकायचा नियम आलाय म्हणे, तुमच्या बिल्डिंगला लागू आहे का? मला उत्तर शोधावं लागलं. नऊपर्यंत घरं असलेल्या बिल्डिंगना नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालाय, आमची मोठी आहे, तिला तेव्हा तरी नव्हता.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर '१०० इयर्स ऑफ १०० थिंग्ज' शोधा. स्टेशनला २०२४ मध्ये शंभर वर्षं झाली म्हणून केलेली मालिका, शंभर विषय, प्रत्येकाचा शंभर वर्षांचा इतिहास, आणि त्यातही श्रोत्यांचे फोन आहेतच, आपल्या आजी-आजोबांपासूनच्या आठवणी सांगणारे. ती ऐकून आवडलं तर मग लाइव्ह लावा, सोमवार चांगला, आठवड्यात शहरात काय काय येणार आहे त्याचा अंदाज येतो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि मेयरला दर शुक्रवारी परत बसवलं तर उरलेला अर्धाही देईन.